सोनेरी टोमॅटो : एका जुन्या वाणाची घरगुती लागवड

सिएना येथे जन्मलेल्या पिएत्रो आंद्रेआ मात्तिओली या इटालियन वैद्याने १५४४ साली एक टीकाग्रंथ प्रसिद्ध केला. प्राचीन ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याच्या वनौषधींवरील ग्रंथाचे ते विवरण होते. त्यात वांग्याची माहिती देताना मात्तिओलीने ओघातच असे नमूद केले आहे की, याच वर्गातले आणखी एक फळ अलीकडे इटलीत येऊ लागले आहे. ते सफरचंदासारखे पण चपटे असते, त्याला फाका असतात, आणि आधी हिरवे असणारे हे फळ पिकले म्हणजे सोनेरी होते. लोक ते वांग्याप्रमाणेच शिजवून खातात. दहा वर्षांनी, १५५४ मध्ये निघालेल्या आवृत्तीत त्याने या फळाचे नावही दिले. ते नाव होते 'पोमी दोरो', म्हणजे सोन्याची सफरचंदे. याच आवृत्तीत त्याने लाल फळांचाही उल्लेख केला आहे. युरोपातील टोमॅटोच्या या सर्वांत जुन्या छापील नोंदी मानल्या जातात. इटलीत आजही टोमॅटोला 'पोमोदोरो' असेच म्हणतात, मग तो कितीही लालभडक असो.

सारांश, पिवळा टोमॅटो ही काही अलीकडची नवलाई नव्हे. युरोपच्या लेखी इतिहासात तो लाल टोमॅटोच्याही आधी आलेला आहे. मात्तिओलीने त्याला वांग्याच्या पंक्तीला बसवले, यातही नवल नाही. आपल्या देशातील लोकांनीही तेच केले. बंगालीत टोमॅटोला 'बिलाती बेगुन' म्हणजे विलायती वांगे म्हणत. महाराष्ट्रात जुन्या पिढीच्या तोंडी 'वेलवांगी' हा शब्द होता, तर विदर्भात 'भेदरे' हे नाव आजही ऐकू येते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी मात्र मध्यंतरी टोमॅटोला वांग्यापासून वेगळे काढून त्याची स्वतंत्र प्रजाती केली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास झाल्यावर त्यांनी त्याला पुन्हा वांग्या-बटाट्यांच्या 'सोलॅनम' या प्रजातीत आणून ठेवले. सामान्य माणसाच्या नजरेने जे नाते ओळखले होते, ते शास्त्राला अखेर मान्य करावे लागले.

प्रस्तुत प्रकरणात आपण पिवळ्या टोमॅटोच्या एका जुन्या वाणाची माहिती करून घेणार आहोत. त्याचे नाव 'येलो पेअर', म्हणजे पिवळी नासपती. हे वाण एकोणिसाव्या शतकापासून युरोप व अमेरिकेतील बागांमध्ये लावले जात आले आहे. त्याची फळे अंगठ्याएवढी, देठाकडे निमुळती आणि खाली गोलाकार, अशी हुबेहूब इवल्याशा नासपतीसारखी असतात. एका फळाची लांबी चार-पाच सेंटिमीटर असते आणि ते घोसाने लागते. झाड मात्र लहानखुरे नाही. ते वेलासारखे वाढत जाऊन सहज दोन मीटरपर्यंत पोहोचते आणि अनुकूल हवा असेपर्यंत फुलत-फळत राहते. आज याचे बी भारतातही हौशी बागाईतदारांकडे व जुनी वाणे विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांकडे मिळू शकते.

बाजारात मात्र हे फळ सहसा दिसत नाही, आणि त्याला कारणे आहेत. पिकल्यानंतर ते फार दिवस टिकत नाही. दूरच्या प्रवासाचे दडपण त्याला सोसत नाही. एकेक फळ हाताने वेचावे लागत असल्याने तोडणीची मजुरी परवडत नाही. शिवाय पिवळा टोमॅटो म्हणजे कच्चा टोमॅटो, असे गिऱ्हाइकाच्या मनात पक्के बसलेले असते. जे वाण बाजाराला नको असते, ते शेतातूनही हळूहळू नाहीसे होते. त्याला मग एकच आश्रयस्थान उरते, ते म्हणजे घरची बाग. अशा वाणाची जोपासना करणाऱ्याने त्याचे फळ कसे घ्यावे याइतकेच, त्याचे बी कसे राखावे हेही जाणून घेतले पाहिजे. त्यासाठी प्रथम हा पिवळा रंग येतो कोठून, हे पाहू.

पिवळेपणाचे रहस्य

टोमॅटोला लाल रंग येतो तो लायकोपीन नावाच्या रंगद्रव्यामुळे. फळ पिकू लागले की त्यातील हरितद्रव्य नाहीसे होत जाते आणि त्याच वेळी गरामध्ये लायकोपीन साचू लागते. हे द्रव्य एकदम तयार होत नाही. एका पदार्थापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, अशा पायऱ्यांनी ते बनते, आणि प्रत्येक पायरीवर एकेक विकर आपले काम करीत असते. या मालिकेच्या अगदी आरंभीची पायरी म्हणजे फायटोईन या रंगहीन पदार्थाची निर्मिती. पिवळ्या टोमॅटोच्या फळात नेमक्या याच पायरीचे विकर निकामी असते. हे विकर घडवणाऱ्या जनुकात बिघाड झालेला असतो, असे इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी १९९३ साली दाखवून दिले. पहिलीच पायरी तुटल्यामुळे पुढची सारी मालिका थंडावते आणि लायकोपीन जवळजवळ तयारच होत नाही. मग गरात उरलेली थोडीशी पिवळी द्रव्ये आणि सालीतील एक स्वतंत्र पिवळे द्रव्य यांचाच रंग काय तो डोळ्यांना दिसतो.

येथे कोणी विचारील की, ज्या जनुकामुळे फळाचा रंग गेला, त्यामुळे पानांचे नुकसान कसे होत नाही? पानांनाही या द्रव्यांची गरज असतेच. उन्हाच्या तीव्रतेपासून हरितद्रव्याचे रक्षण तीच करतात. परंतु पानांमध्ये हे काम मुख्यतः दुसऱ्याच एका जनुकाकडे असते आणि ते शाबूत असते. म्हणूनच पिवळ्या टोमॅटोचे झाड लाल टोमॅटोच्या झाडाइतकेच हिरवेगार व जोमदार दिसते.

नासपतीसारख्या आकाराची कथाही अशीच आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी टोमॅटोच्या फळाचा आकार कशावर अवलंबून असतो याचा शोध घेताना 'येलो पेअर' या वाणाचाच संकर एका रानटी, गोल फळाच्या जातीशी केला होता. त्यांचे ते निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २००२ मध्ये त्यांनी आकार ठरवणारे 'ओव्हेट' नावाचे जनुक वेगळे करून दाखवले. या जनुकात एकाच अक्षराचा बदल झाल्यामुळे त्याचा संदेश मध्येच तुटतो आणि फळ गोल होण्याऐवजी मानेकडे लांबट होते.

म्हणजे या वाणाची जी दोन वैशिष्ट्ये आपल्याला मोह घालतात, ती दोन्ही जनुकांतील लहानशा उणिवांतून जन्मली आहेत. या उणिवा आनुवंशशास्त्राच्या परिभाषेत 'अप्रभावी' असतात. आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी बिघडलेले जनुक आले तरच फळ पिवळे होते. एका बाजूने जरी चांगले जनुक मिळाले, तरी ते दोघांचे काम करते आणि फळ लाल होते. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. बी राखण्याच्या वेळी आपल्याला तिचा फार उपयोग होणार आहे.

पेरणीचा हंगाम

टोमॅटोला ना कडक ऊन मानवते, ना कडाक्याची थंडी. दिवसा २० ते ३० अंश सेल्सिअस आणि रात्री १५ ते २० अंश तापमान असले म्हणजे फळे उत्तम धरतात. दिवसाचा पारा ३५ अंशांच्या वर गेला किंवा रात्री फार उबदार राहू लागल्या, की पराग निकामी होतात व फुले गळतात. दहिवराने तर झाड एका रात्रीत जळून जाते. भारतासारख्या विस्तीर्ण देशात त्यामुळे पेरणीची वेळ प्रदेशानुसार बदलते. दख्खनच्या पठारावर व दक्षिण भारतात जून-जुलै, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि जानेवारी अशा तीन वेळा पेरणी होऊ शकते; परंतु घरच्या बागेसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरची पेरणी सर्वांत सुखाची. कोकण, गोवा, केरळ अशा अतिपावसाच्या किनारपट्टीत पाऊस ओसरल्याशिवाय रोपे लावू नयेत. उत्तरेकडील मैदानी प्रदेशात जुलै-ऑगस्टमध्ये पेरून थंडीपूर्वीचे पीक घेता येते, किंवा नोव्हेंबरमध्ये आडोशाला रोपे करून दहिवराचा धोका टळल्यावर ती बाहेर लावता येतात. डोंगराळ भागात मार्च-एप्रिल हा काळ योग्य ठरतो.

उन्हाळ्याच्या बाबतीत पिवळ्या टोमॅटोची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तापमान ३० अंशांच्या पुढे गेले की लायकोपीन नीट तयार होत नाही, आणि त्यामुळे ऐन उन्हाळ्यात लाल टोमॅटोही नारिंगी-पिवळट राहतात. पिवळ्या टोमॅटोत मुळी लायकोपीन नसतेच, तेव्हा त्याच्या रंगाचे उन्हामुळे असे नुकसान होत नाही.

रोपे आणि माती

टोमॅटोचे बी फार बारीक असते. एका ग्रॅममध्ये सुमारे तीनशे बिया भरतात. एका कुटुंबाला चार ते सहा झाडे पुष्कळ होतात, तेव्हा वीस-पंचवीस बिया पेरणे पुरेसे आहे. तळाला भोके असलेली पसरट पाटी किंवा छोट्या कुंड्या घ्याव्यात. त्यात चाळलेली माती, चांगले कुजलेले शेणखत आणि वाळू अथवा नारळाच्या काथ्याचा भुसा समभाग मिसळून भरावा. बी अर्ध्या ते एक सेंटिमीटरहून खोल टाकू नये. झारीने हलके पाणी द्यावे. सहा ते दहा दिवसांत अंकुर वर येतात. या वेळी पाणी जास्त झाले व हवा खेळती नसली, तर बुरशीमुळे रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. म्हणून पाणी सकाळी द्यावे, आणि मातीचा वरचा थर किंचित सुकल्याखेरीज पुन्हा देऊ नये.

साधारण चार आठवड्यांत रोपे वीतभर उंच होतात व त्यांना चार-पाच पाने येतात. त्यांना कायमच्या जागी लावण्यापूर्वी सात-आठ दिवस रोज थोडा थोडा वेळ उन्हात ठेवून काटक करून घ्यावे. लावणी संध्याकाळी करावी. टोमॅटोच्या खोडाला मातीचा स्पर्श झाला की तेथून नवी मुळे फुटतात. म्हणून खालची पाने काढून रोप नेहमीपेक्षा खोल लावावे. त्यामुळे त्याला पाय रोवून उभे राहण्याचे बळ मिळते.

जमिनीत लावायचे तर दोन झाडांत निदान ६० सेंटिमीटर अंतर हवे. जमीन पाण्याचा निचरा होणारी व भुसभुशीत असावी. ज्या जागी मागल्या हंगामात वांगी, मिरची, बटाटे किंवा टोमॅटोच होते, ती जागा टाळावी, कारण या साऱ्यांचे रोग सामाईक आहेत. गच्चीत किंवा सज्जात लावायचे झाल्यास कुंडीत निदान वीस लिटर माती मावली पाहिजे. लहान कुंडीत हे झाड जगते, परंतु मनाजोगते फळत नाही. जागा कोणतीही असो, रोजचे सहा तास ऊन तिला मिळाले पाहिजे.

आधार, छाटणी आणि पाणी

'येलो पेअर'चे झाड मोकळे सोडले तर अल्पावधीत त्याचे जाळे होते, आत हवा खेळत नाही आणि खालची पाने मातीला टेकून रोगट होतात. म्हणून लावणीच्या वेळीच प्रत्येक रोपाशेजारी दोन मीटर उंचीचा बांबू रोवावा. पुढे रोवला तर मुळे दुखावतात. खोड वाढत जाईल तसे ते सुतळीने सैलसर बांधीत जावे. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणारी फूट, जिला बगलफूट म्हणतात, ती बोटभर असतानाच खुडावी. मुख्य खोड आणि पहिल्या फुलोऱ्याच्या लगेच खालची एक जोमदार बगलफूट, अशी दोनच खोडे राखली म्हणजे झाड आटोपशीर राहते. उन्हाळ्याच्या तोंडावर मात्र छाटणीचा अतिरेक करू नये. पानांची सावली गेली की कोवळी फळे उन्हाने भाजतात.

पाणी देण्यात नियमितपणाला सर्वांत अधिक महत्त्व आहे. झाडाला चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी भरपूर पाणी दिले, तर पिकत आलेली फळे तडकतात; कारण आतला गर एकाएकी फुगतो आणि साल त्याच्या वेगाने ताणली जात नाही. फळाच्या टोकाला काळा, खोलगट डाग पडतो, त्याचेही मूळ पुष्कळदा पाण्याच्या अनियमितपणातच असते. फळाला पुरेसे कॅल्शियम मिळाले नाही की हा विकार होतो; आणि मातीत कॅल्शियम असूनही पाण्याचा ओघ तुटला तर ते फळापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा पाणी मुळांशी द्यावे, पानांवर ओतू नये, आणि आळ्यात वाळलेल्या पाचोळ्याचे आच्छादन घालावे. त्याने ओल टिकते आणि पावसाच्या थेंबांबरोबर मातीतील रोगबीजे पानांवर उडत नाहीत.

खताच्या बाबतीत हात राखून ठेवलेला बरा. लावणीच्या वेळी कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड, आणि फुले आल्यानंतर दर तीन आठवड्यांनी थोडे गांडूळखत, एवढे पुरे होते. नत्र जास्त झाले की पाने माजतात आणि फुले मागे पडतात.

टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फलित होते. मात्र पराग नळीसारख्या परागकोशात बंद असल्याने तो सुटण्यासाठी थोडी थरथर लागते. मोकळ्या बागेत वारा आणि भुंगे हे काम करतात. बंदिस्त सज्जात मात्र सकाळी ऊन वर आल्यावर फुलोऱ्याच्या देठाला बोटाने हलकी टिचकी मारावी.

कीड आणि रोग

अलीकडच्या संकरित वाणांत काही रोगांना तोंड देण्याची शक्ती मुद्दाम आणलेली असते. 'येलो पेअर'सारख्या जुन्या वाणात ती नसते. त्याचे रक्षण मुख्यतः बागाईतदाराच्या नजरेने व्हायचे असते.

पांढरी माशी ही आपल्याकडील टोमॅटोची सर्वांत मोठी वैरीण होय. ती स्वतः रस शोषते ते नुकसान थोडे. परंतु ती पाने मुरडण्याचा विषाणुरोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. पाने आक्रसून झाड खुरटले की त्यावर उपाय नाही. ते उपटून टाकणे हाच इतर झाडांना वाचवण्याचा मार्ग. रोपे लहान असताना पातळ जाळीखाली ठेवली तर हा धोका पुष्कळ कमी होतो. या माशीला पिवळ्या रंगाचे आकर्षण असते, म्हणून पिवळ्या पत्र्याला एरंडेल लावून तो झाडांजवळ टांगावा. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी शेजारी झेंडू लावण्याची पद्धत आहे. अळीचा पतंग अंडी घालण्यासाठी झेंडूकडे अधिक वळतो, आणि मग ती अंडी व अळ्या तेथेच वेचून नष्ट करता येतात. २०१४ मध्ये महाराष्ट्रात प्रथम आढळलेली दक्षिण अमेरिकेतील नागअळीही आता आपल्याकडे स्थिरावली आहे. पानांवर फिकट, कागदासारखे पापुद्रे दिसताच ती पाने तोडून जाळावीत.

खालच्या पानांवर एकात एक वर्तुळे असलेले तपकिरी डाग दिसले तर तो करपा समजावा. अशी पाने लगेच काढून टाकावीत. ढगाळ, थंड व दमट हवेत येणारा दुसरा करपा याहून भयंकर असतो. तो दोन-चार दिवसांत अख्खे झाड काळे करतो. अशा वेळी झाड वाचवण्याच्या मोहात न पडता ते बागेबाहेर काढावे. आणखी एक सूचना करणे अगत्याचे आहे. विडी, सिगारेट किंवा तंबाखूला हात लावल्यानंतर साबणाने हात धुतल्याखेरीज झाडांना स्पर्श करू नये. तंबाखूवरील मोझॅक रोगाचा विषाणू वाळलेल्या पानातही जिवंत राहतो आणि हातांवाटे टोमॅटोला लागतो.

तोडणी आणि स्वयंपाकघर

लावणीनंतर साधारण अडीच महिन्यांनी फळे पिकू लागतात. लाल टोमॅटो पिकल्याची वर्दी दुरूनच देतो. पिवळ्याच्या बाबतीत ती सोय नाही. फळ आधी हिरवे, मग फिकट लिंबासारखे आणि शेवटी गडद, उबदार पिवळे होते. नवखा माणूस बहुधा लिंबाच्या रंगावरच घाई करतो आणि मग हे फळ बेचव असल्याची तक्रार करतो. देठाकडील हिरवी झाक पूर्णपणे गेली, बोटांना फळ किंचित मऊ लागले आणि देठावरच्या सांध्याशी ते सहज सुटू लागले, म्हणजे ते पिकले असे समजावे. एकाच घोसातली फळे एकाच दिवशी पिकत नाहीत, म्हणून एक-दोन दिवसांआड फेरी मारावी लागते.

या फळाची चव सौम्य असते. पिवळा टोमॅटो आंबट नसतो असा समज आहे, परंतु रंग आणि आंबटपणा यांचा थेट संबंध नाही. ते वाणावाणावर अवलंबून असते. तसेच पिवळा आहे म्हणून त्यात गाजरासारखे भरपूर कॅरोटीन असेल, असेही मानू नये. कॅरोटीनने समृद्ध असतात ती काही नारिंगी वाणे. पिवळ्या टोमॅटोत लायकोपीन जवळजवळ नसते, पण 'क' जीवनसत्त्व असते. तो कच्चा, मीठ लावून किंवा कोशिंबिरीत खावा हे उत्तम. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील गृहिणी नासपतीच्या आकाराचे टोमॅटो साखरेत शिजवून, चेपून व वाळवून अंजिरासारखे साठवून ठेवीत. आपल्याकडील मुरांब्याच्या जाणत्यांना ही कृती परकी वाटू नये.

बी राखण्याची कला

आता आपण मुख्य मुद्द्याकडे येऊ. ज्याने एकदा हे वाण लावले, त्याला पुढच्या वर्षी बी विकत घेण्याची गरज पडू नये. संकरित वाणाचे बी राखले तर पुढच्या पिढीत गुणांची फाटाफूट होते. 'येलो पेअर' हे स्थिर झालेले वाण असल्याने त्याचे बी मुळाबरहुकूम उगवते. अट एवढीच की, त्यावर दुसऱ्या वाणाचा पराग पडलेला नसावा.

टोमॅटो स्वपरागित असला तरी भुंग्याच्या पायाला लागून शेजारच्या लाल टोमॅटोचा पराग क्वचित येऊन पडतो. गंमत अशी की, असे झाले तरी त्या वर्षी काहीच कळत नाही. फळाचा गर आणि साल ही आईच्या शरीराचा भाग असल्याने फळ पिवळेच होते. परका अंश दडलेला असतो तो बियांत. ते बी पेरले, झाड वाढले, फळ धरले, आणि पाहावे तो फळे लाल व बहुधा गोल! पुष्कळ लोक या वेळी बी विकणाऱ्याला दोष देतात किंवा माती बदलल्याने रंग बदलला असे समजतात. माती रंग बदलत नाही. लाल रंगाचे जनुक प्रभावी असल्यामुळे त्याने पिवळ्याला झाकून टाकलेले असते.

पण हीच गोष्ट पिवळ्या वाणाच्या पालकाला वरदान ठरते. लाल टोमॅटोचे वाण राखणाऱ्याच्या बियांत दुसऱ्या लाल वाणाची भेसळ झाली, तर ती त्याला वर्षानुवर्षे उमगत नाही. पिवळ्याच्या बाबतीत लाल वाणाचा परका अंश पुढच्याच पिढीत रंगाने उघड होतो. त्या झाडाचे बी न राखले की झाले.

आणि समजा, सारेच बी असे भेसळीचे निघाले, मूळ बियांची पुडीही संपली, तरी निराश होण्याचे कारण नाही. झाकलेला गुण नष्ट झालेला नसतो. त्या लाल, गोल फळांचे बी पेरावे. मेंडेलच्या नियमानुसार त्यातून येणाऱ्या झाडांपैकी सरासरी चारांत एकाला पिवळी फळे लागतील. रंगाचे आणि आकाराचे जनुक वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्याने पिवळे आणि नासपतीच्या आकाराचे असे दोन्ही गुण एकत्र असलेले झाड सरासरी सोळांत एक मिळेल. तीस-चाळीस झाडे लावण्याची तयारी असेल, तर हरवलेले रूप पुन्हा हाती येते. मात्र त्याचे इतर गुण मिश्र झालेले असतील, हेही खरे. म्हणून मुळात हरवू न देणे हेच शहाणपणाचे.

बी धरण्यासाठी फळ निवडू नये, झाड निवडावे. रोगमुक्त, भरपूर फळणारे आणि वाणाला शोभेल अशा आकाराची फळे देणारे झाड हेरावे. शक्य तर दोन-तीन झाडे निवडावीत. फुले उमलण्यापूर्वी एक-दोन फुलोऱ्यांवर मलमलीची पिशवी बांधावी, रोज टिचकी मारावी, आणि फळे धरल्यावर पिशवी काढून तेथे रंगीत दोरा बांधून ठेवावा. ही फळे पूर्ण पिकू द्यावीत. मग ती चिरून गर व बिया काचेच्या भांड्यात काढाव्यात, थोडे पाणी घालावे आणि दोन-तीन दिवस सावलीत झाकून ठेवावे. बियांभोवती जो बुळबुळीत थर असतो, तो उगवण रोखून धरतो. आंबण्याच्या क्रियेने तो सुटतो. वर पांढुरका साका आला की भरपूर पाण्याने धुवावे. चांगले बी तळाशी बसते, पोचट वर तरंगते. चिनी मातीच्या बशीत पसरून ते सावलीत वाळवावे; कागदावर पसरल्यास चिकटून बसते. पूर्ण वाळल्यावर कागदी पाकिटात घालून वर वाणाचे नाव व वर्ष लिहावे आणि पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत, थंड व कोरड्या जागी ठेवावे. असे बी चार-पाच वर्षे सहज टिकते.

वाणांचे जतन करणाऱ्या मोठ्या संस्था जगात आहेत. आपल्या देशात १९७६ मध्ये स्थापन झालेला, नवी दिल्ली येथील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो हे कार्य करीत आहे. अतिथंड कोठारात ठेवलेले बी तेथे दीर्घकाळ सुरक्षित राहते. तरीही कोठारातले बी हे निजलेले बी असते. त्या वाणाला पाणी किती लागते, त्याचे फळ कधी तोडावे, कोणत्या हवेत ते रुसते, हे ज्ञान ते लावणाऱ्या हातांतच राहते, आणि लावणारे संपले की तेही संपते. २००१ च्या वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्याने भारतातील शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क मान्य केला आहे. हा हक्क वापरात राहतो तो बी राखले जाते तेव्हाच.

म्हणून बरणीत बी भरताना त्यातला थोडा भाग वेगळा काढावा आणि बागेची हौस असलेल्या शेजाऱ्याला द्यावा. आपल्याकडचे पीक एखाद्या वर्षी करप्याने गेले किंवा पुडी उंदराने कुरतडली, तर मागायला तेच एक दार उघडे असते. देताना लाल फळाची खूण मात्र त्याला अवश्य समजावून सांगावी.